दारणा-कडव्याच्या काठी एक रात्र: तंबू, गळ आणि चूल

नाशिक जिल्ह्यातल्या नद्या पाऊस नसतानाही वाढतात. काठावर मुक्काम करायचा असेल तर आधी हे डोक्यात पक्कं बसायला हवं, बाकी सगळं नंतर. जानेवारीत आभाळ निरभ्र, थंडी कडाक्याची, पाणी गुडघाभर. आणि पहाटे तीनला तेच पाणी छातीला. कारण एकच, आवर्तन. दारणा आणि गंगापूर धरणांतून शेतीसाठी सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. म्हणजे या टप्प्यात नदी हाच कालवा. जायकवाडीसाठी पाणी सोडलं तरी वाट हीच. कडवा नदीवर करंजवण आणि पालखेड ही धरणं आहेत. बातमीत ‘एक हजार क्युसेक’ असं वाचलं की ते सहज डोळ्यांखालून जातं, पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर पात्रात ओतले जातात. शिवाय धरणापासून वीस-पंचवीस किलोमीटर खाली असाल तर संध्याकाळी सोडलेलं पाणी तुमच्यापर्यंत पोचतं तेव्हा तुम्ही गाढ झोपेत असता.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी जलसंपदा विभागाच्या सूचना आणि स्थानिक पेपर बघा, आणि पोचल्यावर मळ्यातल्या माणसाला विचारा: “दादा, आवर्तन चालू आहे का? कधी सुटणार आहे?” त्याची मोटर नदीत असते, त्यामुळे त्याला हे तोंडपाठ असतं. विचारायला कुणी दिसलं नाही तर मोटरींकडे बघा. काठावरच्या मोटरी आणि फूटव्हॉल्व्ह वर ओढून ठेवलेले दिसले, पाइप सोडून गुंडाळलेले दिसले, तर पाणी येणार आहे. अशा दिवशी तंबू गाडीतून काढूच नका.

जागा आणि परवानगी

आपल्याकडे नदीकाठी आखून दिलेले सरकारी तळ जवळपास नाहीतच. मिळते ती गावाची मोकळी जागा: गायरान, घाटाजवळचा माळ, नाहीतर कुणाच्या मळ्याचा बांध. गायरानासाठी सरपंच किंवा पोलीस पाटलांना सांगून ठेवा, मळ्यासाठी मालकाला. नावं, गाडीचा नंबर आणि किती जण आहोत हे सांगितलं की रात्री टॉर्च घेऊन कुणी विचारायला येत नाही, आणि काही अडचण आली तर गावाला तुमचा पत्ता ठाऊक असतो. धरणाची भिंत, सांडवा आणि त्याच्या खालचा पात्राचा भाग पूर्ण वर्ज्य. वनखात्याच्या जमिनीवर लेखी परवानगीशिवाय मुक्काम नाही, चूल तर नाहीच.

मासेमारीची परवानगी वेगळी. धरणं आणि बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यात बीज त्यांनी सोडलेलं असतं, त्यामुळे हौसेने गळ टाकणाराही त्यांच्याच पिकात हात घालत असतो. ठेका कुणाचा ते विचारा, पैसे मागितले तर द्या आणि पावती घ्या. नांदूरमधमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे गळ, जाळं काहीच नाही. घाटावर लोक माशांना कुरमुरे आणि कणकेच्या गोळ्या घालताना दिसले तर तो डोह देवाचा समजा आणि पुढे चला.

नाशिक शहराच्या खालच्या गोदावरीत शहराचं सांडपाणी मिसळतं. पाणवेलींचा हिरवा गालिचा आणि फेस दिसतो तिथला मासा खाऊ नये. शहराच्या वरची गोदावरी, इगतपुरी तालुक्यातली दारणा, दिंडोरीकडचा कडवा हे टप्पे बरे.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारपीट, मे महिन्यात कातळ रात्री दहापर्यंत तापलेला. जून ते सप्टेंबर काठावर मुक्काम नको आणि गळही नको. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, त्याला वलगण म्हणतात. तेव्हा पोटात अंडी असलेला एक मासा काढला की पुढच्या सालचे हजारो गेले.

तंबू किती उंचावर

‘पाण्यापासून लांब’ हे माप चुकीचं आहे, माप उंचीचं घ्यायचं. सपाट काठावर पन्नास पावलं लांब असलेला तंबूही बुडतो. उंची मोजायला काही लागत नाही. पाण्याच्या कडेला ताठ उभे राहा आणि समोरच्या चढाकडे नजर अगदी आडवी ठेवून बघा. नजर जिथे जमिनीला टेकते ती जागा तुमच्या डोळ्यांएवढी, म्हणजे साधारण पाच फूट उंच. तिथे जाऊन उभे राहा, पुन्हा तसंच. तीन वेळा केलं की पंधरा फूट झाले. तंबू त्याच्या वर.

दुसरी खूण बाभळींवर असते. गेल्या पुराने फांद्यांत अडकवलेला कचरा, चिंध्या, प्लॅस्टिक, वाळलेलं गवत एका रेषेत दिसतं. ही रेषा तीन डोळेभर उंचीपेक्षा वर असेल तर रेषाच खरी धरा. पात्राच्या मधोमध असलेलं वाळूचं किंवा गोट्यांचं बेट दिसायला सगळ्यांत सुंदर असतं, पण पाणी वाढलं की आधी तुमच्या आणि काठाच्या मधला नाला भरतो. तिथे बसून जेवा हवं तर, झोपू नका.

काळ्या मातीच्या उभ्या दरडीच्या कडेपासून निदान दहा-बारा फूट आत या. खालून पाण्याने पोखरलेली दरड वरून शाबूत दिसते आणि वजन पडलं की ढासळते. सुकलेल्या काळ्या मातीला भेगा पडतात, त्यांत विंचू असतात. मातीत मेखा पक्क्या बसतात, पण दवाने माती भिजली की सैल होतात; रात्री झोपण्याआधी एकदा ठोकून घ्या. कातळावर मेख जात नाही. तिथे दोरीच्या टोकाला आडवी काठी बांधून तिच्यावर डोक्याएवढे दोन-तीन दगड ठेवा. दोरी नुसती दगडाला गुंडाळली तर कातळाच्या धारेवर घासून पहाटेपर्यंत तुटते.

तंबू पसरण्याआधी जागा बाभळीच्या डहाळीने नाही, निंबाच्या किंवा निरगुडीच्या फांदीने झाडा. बाभळीचा एक काटा ताडपत्री, तंबूचा तळ आणि हवेची गादी तिन्ही भोसकून वर येतो. खाली ताडपत्री घाला, पण तिची कड तंबूबाहेर राहू देऊ नका, नाहीतर दव तिच्यावर साठून तंबूखाली वाहतं. दारावरची वरची जाळी उघडी ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की चार जणांच्या श्वासाची वाफ कापडावर थिजते आणि पहाटे अंगावर टपकते. लोकांना वाटतं तंबू गळतोय.

चार जणांच्या एका रात्रीसाठी पिण्या-स्वयंपाकाचं पंचवीस लिटर पाणी घरून न्या. नदीचं पाणी प्यायची वेळ आलीच तर तुरटी फिरवून तासभर निवळू द्या, कापडातून गाळा आणि खळखळ उकळी आल्यावर निदान मिनिटभर उकळू द्या. त्याशिवाय बारा बाय पंधरा फुटांची ताडपत्री, वीस मीटर नायलॉनची दोरी, माणशी एक टॉर्च, खुरपं, विळा, दहा किलो सुकं लाकूड. लाकूड मळेवाल्याकडून विकत घ्या. काठावरचं हिरवं तोडून नुसता धूर होतो.

गळ

बांबूची दहा-बारा फुटांची सरळ, लवचीक काठी या नद्यांना पुरते. रिळाची काठी असेल तर उत्तम, पण शिकायला बांबूच बरा, कारण माशाची प्रत्येक हालचाल हातात कळते. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ०.३० मिलिमीटरचा, काठीच्या लांबीएवढा. जाड घेतला की ताकद वाढते हे खरं, पण थंडीत पाणी नितळ असतं आणि जाड तंगूस माशाला दिसतो.

गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हे दुकानात गोंधळवतं. चिलापी आणि शिंगटीला १० नंबर, रोहू, मृगळ, सायप्रिनसला (कॉमन कार्प) ६ नंबर, मरळीला एक-शून्य (१/०), तो या सगळ्यांत मोठा. दोन-दोन डझन घ्या, कारण दारणेच्या तळाशी कातळाच्या खाचा आहेत आणि गळ अडकणारच.

गाठ अशी: तंगूस गळाच्या नाकातून ओवा, मोकळं टोक मूळ दोऱ्याभोवती पाच वेळा फिरवा, मग नाकाजवळ जो पहिला फासा उरतो त्यातून टोक आत घाला. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ झटक्यात ओढली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. दोरा नेमका तिथून तुटतो, आणि तुटलेलं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं दिसलं तर दोष गाठीचाच.

तरंगाला ज्वारीच्या धांड्याचा बोटभर भेंड सोलून घ्या. हलका असतो, चावा लगेच दाखवतो, मात्र दोन-तीन तासांत पाणी पितो, म्हणून पाच-सहा तुकडे करून ठेवा. गळाच्या वर वीतभर अंतरावर हरभऱ्याएवढं शिसं दाबा. भेंड बोटभर पाण्याबाहेर राहील इतकंच वजन हवं. कमी शिसं लावलं तर मासा ओढतो आणि भेंड नुसता हलतो. जास्त लावलं तर भेंड आपोआप बुडतो.

आता खोली. गळाला तात्पुरतं एक जड शिसं अडकवून टाका. भेंड बुडाला तर तो दोरीवर आणखी वर सरकवा. आडवा पडला तर खाली. टोक जेमतेम पाण्यावर राहिलं की तळ सापडला. हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण करत नाहीत आणि दिवसभर चुकीच्या थरात आमिष टांगून बसतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. रोहूला आमिष तळापासून हातभर वर, सायप्रिनसला तळाला टेकलेलं.

कणकेचं आमिष: दोन वाट्या गव्हाचं पीठ, एक वाटी शेंगदाण्याच्या पेंडेची पूड, सुपारीएवढा गूळ, चिमूटभर हिंग. पाणी थेंबाथेंबाने घालून भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट मळा आणि शेवटी कापसाचा बारीक पिंजलेला बोळा त्यात मळून घ्या. कापसाचे तंतू नसतील तर गोळी पाण्यात पडताच सुटते. गोळी लहान बोराएवढी, आणि गळाचं टोक गोळीच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकलेलं. टोक आत खोल बुडवलं तर मासा गोळी चोखतो, तुम्ही झटका देता आणि हाती काही येत नाही. शिंगटी, वाम यांना गांडूळ. गाडग्यात ओल्या गोणपाटात ठेवा, उन्हात मरतात.

बसण्याआधी मक्याची भरड आणि पेंड समसमान मिसळून लिंबाएवढे चार-पाच गोळे एकाच ठिकाणी टाका. नंतर अर्ध्या-पाऊण तासाने एकेक. दहा-बारा टाकले तर मासे पोट भरून निघून जातात.

जागा निवडताना वळणाच्या बाहेरच्या बाजूचा डोह, ओढा मिळतो तिथला संथ पाण्याचा काठ, मोठ्या खडकाच्या खालची सावली बघा. एरवी पहाट आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास चांगले, पण डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, मासा सुस्त असतो, आणि अकरा ते तीन या वेळात उथळ उबदार पाण्यात जास्त लागतो. पहाटे पाचला कुडकुडत बसण्यात त्या दिवसांत हशील नाही.

चावा वाचायला शिका. चिलापी टकटक टोचते. रोहू भेंड थरथरवतो, मग तिरका ओढत बुडवतो. बुडताना झटका द्या. सायप्रिनस उलटं करतो: तळावरून आमिष उचलताना शिसंही उचलतो, त्यामुळे भेंड वर येऊन आडवा पडतो. बुडण्याची वाट पाहिलीत तर तो थुंकून गेलेला असतो. झटका मनगटाचा, खांद्याचा नाही.

मोठा मासा लागला की काठी सरळ धरू नका. ती वाकलेली राहिली पाहिजे, कारण ताण तंगूस नाही, बांबू खातो. काठाने चालत त्याला उथळाकडे न्या, दमू द्या, आणि डोकं हातजाळीत आधी येऊ द्या. दोरा हाताने ओढून मासा उचलायला गेलं की हमखास तुटतो. शेवाळलेल्या कातळावर उतरू नका. डोहाच्या कडेला घसरलेला माणूस पोहता येत असलं तरी कपड्यांसकट सहज वर येत नाही. एकट्याने गळ टाकायला बसू नये ते यासाठीच.

शिंगटी हातात घेताना तिच्या पाठीवरचा आणि कल्ल्यामागचे दोन काटे सांभाळा. घुसले तर ठणका मारतात. जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवली की ठणका उतरतो, कारण काट्याचं विष उष्णतेने निकामी होतं. तुकडा आत राहिला तर डॉक्टरकडेच.

वीतभराहून लहान मासा ओल्या हाताने सोडवून परत सोडा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. जिलेटिनच्या कांड्या, ब्लीचिंग किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असा प्रकार दिसला तर तिथला मासा विकतही घेऊ नका.

साफ करणं आणि चूल

खवले सुरीच्या पाठीने, शेपटीकडून डोक्याकडे. पोट उघडताना सुरी उथळ चालवा. यकृताला चिकटलेली हिरवट पिशवी पित्ताची; ती फुटली तर सगळा मासा कडू. रोहूचं पित्त औषध म्हणून गिळण्याचा प्रकार काही जण करतात. ते जीवघेणं आहे, मूत्रपिंडं निकामी होतात. मीठ-हळद चोळून दहा मिनिटं, मग धुऊन चिंचेचं पाणी किंवा ताक लावलं की शेवाळाचा वास जातो. रोहू-मृगळात बारीक दुफाटी काटे असतात. तुकड्यांना दोन्ही बाजूंनी गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतराने आडव्या खाचा द्या आणि कडक तळा. काटे कापले जाऊन विरघळल्यासारखे होतात. घरचा काळा मसाला, लसूण, मीठ, तेल एवढं पुरे. बाजरीच्या भाकरी घरून करून न्या.

चुलीचे तीन दगड पात्रातून उचलू नका. सच्छिद्र दगडात पाणी मुरलेलं असतं, तापलं की वाफ होऊन दगड फुटतो आणि कपच्या डोळ्यांत उडतात. वरच्या बांधावरचे कोरडे दगड घ्या. ओढ्याकाठी कण्हेर उगवते, तिची काठी मासा भाजायला किंवा जाळायला घेऊ नका. सगळं झाड विषारी आहे. चूल तंबूपासून पंधरा पावलं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, भोवतालचं वाळकं गवत विळ्याने कापून.

रात्र

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे ऊस म्हणजे बिबट्याचं घर. उसाच्या फडाला लागून तंबू नको. माशांची आतडी आणि खवले उघड्यावर टाकू नका. तंबूपासून आणि पाण्यापासून लांब, गुडघाभर खड्ड्यात पुरून वर दगड ठेवा. कुत्रं बरोबर नेऊ नका, ते बिबट्याचं आवडतं भक्ष्य. अंधारात एकट्याने लांब जाऊन बसू नये: वाकलेला, बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. दोघे मिळून, टॉर्च लावून, बोलत जा. शौचाचा खड्डा पाण्यापासून ऐंशी पावलांवर, वीतभर खोल, खुरप्याने. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२. रेंज कुठे येते ते उजेडातच बघून ठेवा.

मण्यार रात्री फिरतो आणि झोपलेल्याला चावतो. दुखत नाही, खूण दिसत नाही. तंबूची चेन सतत बंद, बूट आत, पहाटे झटकून घाला. चावल्याची शंका जरी आली तरी अवयव हलवू न देता सरळ सरकारी रुग्णालय. चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिक, काहीही नाही.

निफाड पट्ट्यात थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याखालीही. थंडी खालून जास्त लागते. अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा एक खाली घाला. इगतपुरीकडे भाताचा पेंढा मिळतो, वीतभर थर ताडपत्रीखाली पसरला की गादी झाली. घोंगडी सगळ्यांत वर, ती दव पेलते.

झोपण्याआधी पाण्याच्या रेषेवर एक काडी रोवा, तिच्यापासून फूटभर उंचीवर दुसरी, जिला पांढरी चिंधी बांधलेली. बाराला आणि तीनला गजर लावून टॉर्चने बघा. पहिली काडी गेली असेल तर सगळ्यांना उठवा, दुसरी जाण्याची वाट बघू नका. आधी माणसं वर, मग गाडी, तंबू राहिला तर राहू द्या.

सकाळी निखाऱ्यांवर पाणी ओता, काडीने ढवळा, पुन्हा ओता आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब तपासा. तुटलेला तंगूस शोधून शोधून उचला, अगदी बाभळीत अडकलेलाही, आणि बोटभर तुकडे करून पिशवीत घरी न्या. अखंड राहिला तर तो बगळ्याच्या पायाला किंवा चरायला आलेल्या शेळीच्या खुरात गुंतून आवळत जातो.